आत्याचं नाक आणि पानाची पहिली ओळ

टाचणीला टाचणी हे नाव आत्यानं ठेवलं, ती चार वर्षांची असताना. बारीक होती आणि जिथे तिथे टोचायची, एवढंच कारण. पुढे ती अंगानं चांगली भरली, चौतिशी गाठली, तरी नाव काही सुटलं नाही. दुकानात येणारे भारदस्त गृहस्थसुद्धा तिला टाचणीच म्हणत आणि ती निमूट ओ देई. नावाचं तिला कधी काही वाटलं नाही. तिच्या मनाला लागून राहिली होती ती कात्री.

कात्री बाबांची. दुकान शिंपीकामाचं, पुढची खोली आणि मागची खोली एवढाच पसारा. पुढे कापायचं लांब टेबल, उंच आरसा आणि बाबा. मागे तीन मशिनं, इस्त्री, कोपऱ्यात एक थकलेला संगणक, खिडकीपाशी आत्याची खुर्ची, आणि टाचणी. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. काजं करण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि बोलण्यात तर त्याहून नव्हतं. टाचणीनं अकरा वर्षं मागच्या खोलीत काढली होती. बाह्या बसवल्या, अस्तरं घातली, कॉलरी वळवल्या. पण पुढच्या टेबलावर कापडाला कात्री लावायची तिला एकदाही परवानगी मिळाली नाही. चुकीची शिवण उसवता येते, चुकीचं कापलेलं कापड मात्र गेलंच, असं बाबांचं म्हणणं होतं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

आता मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. बाबांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा कामातून गेला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की महिनाअखेर कात्री खाली ठेवा, नाहीतर पुढे चमचासुद्धा धरता यायचा नाही. बाबांनी ते ऐकून घेतलं, घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, की शनिवारी एक कटर येणार आहे. बाहेरचा. मोठ्या दुकानात वीस वर्षं कापड कापायचं काम केलेला. त्याचा हात बघू, पटला तर ठेवून घेऊ.

टाचणीनं हातातली कॉलर बाजूला ठेवली. अकरा वर्षं वाट बघायची आणि ऐन वेळी कात्री परक्याच्या हातात जायची, म्हणजे झालं की सगळं. तिनं आडून आडून विचारून बघितलं. बाबा म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. पण तुला मोह आवरत नाही."

हा मोह कसला, तेही सांगायला हवं. एका गिऱ्हाइकानं आपल्या आजोबांचा जुना कोट आणला होता, फक्त अस्तर बदलायला. कोटाचा उजवा खिसा तिरका होता. टाचणीला तिरकं काही बघवत नाही. तिनं तो सरळ केला. न विचारता, फुकट, आणि वर कौतुकाची वाट बघत बसली. गिऱ्हाइकानं कोट अंगात घातला, खिशाकडे हात नेला आणि तिथेच रडायला लागलं. आजोबांचा हात आखूड होता म्हणे, आणि तो खिसा त्यांच्या हाताच्या बेतानं लावलेला होता. तेव्हापासून बाबांनी लेकीच्या नावापुढे 'सुधारणावाली' असा जो शिक्का मारला, तो कायमचा.

आणि खरी गोम तर पुढेच आहे. आपल्याला कापता येतं, हे दाखवायला टाचणीकडे एक भक्कम पुरावा होता, पण तो दाखवायची सोय नव्हती. गेली दोन वर्षं बाबांचं कापणं बिघडलं होतं. सरळ रेषेत हात अजून झकास चाले. पण मुंढ्याच्या वळणावर, म्हणजे बाही जिथे येऊन बसते तिथे, अंगठा दगा देई आणि कात्री दोन सूत आत शिरे. दोन सूत म्हणजे पाव इंच. तुम्हाआम्हाला दिसायचंसुद्धा नाही, पण कोट अंगात घातला की बगलेत धरतो. नशीब एवढंच, की शिवणीसाठी कडेला जी माया सोडतात ती बाबा सढळ हातानं सोडत. टाचणी कापलेल्या कडेकडे बघायचीच नाही. मुंढा खरा कुठून जायला हवा, ते ती नजरेनं ठरवी आणि तिथून टीप मारी. माया कुठे अर्धा इंच राही, कुठे पाव, पण ते सगळं अस्तराच्या आत. वरून कोट चपखल. गिऱ्हाईक आरशात बघून खूश, बाबा गिऱ्हाइकाकडे बघून खूश. आत्याला हे सगळं माहीत होतं. तिच्या जिभेला हाड नाही असं सगळा रस्ता म्हणत असला, तरी ह्या एका बाबतीत ती दोन वर्षं मूग गिळून बसली होती. आता बाबांना जाऊन सांगायचं तरी काय, की कात्री मला द्या, कारण तुमची चुकते? टाचणी रोज ठरवी की आज बोलायचं, आणि रोज बाबांचं तोंड बघून बाह्या बसवायला जाई.

ह्या सगळ्यात दुकानाच्या वेबसाइटचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि चांगलाच आहे.

वेबसाइट बाबांनी स्वतः केली होती, बावीस वर्षांपूर्वी. एक गिऱ्हाईक दुकानात एक जाडजूड पुस्तक विसरून गेलं आणि न्यायला परत आलंच नाही. बाबांनी ते वाचायला घेतलं. दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली, कारण पहिलं म्हणजे प्रस्तावना असणार असा त्यांचा समज. आणि तिसऱ्या प्रकरणाशी त्यांना वाटलं, की आता आपल्याला पुरेसं कळलं. मग त्यांनी पुस्तक टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं आणि महिनाभर दुपारच्या दुपारी बसून दुकानाचं पान लिहिलं. माणूस हाडाचा शिंपी, त्यानं पानही शिंप्यासारखंच लिहिलं. मापं टाकली ती नुसती. फोटोची रुंदी एकशेवीस. समास चाळीस. एकशेवीस कशात, ते लिहायचं नाही. शिंप्याच्या वहीत छाती बेचाळीस असते. बेचाळीस काय, असं विचारणारा माणूस शिंपी नव्हे. रंगाच्या आकड्याआधी एक छोटी खूण द्यावी लागते, ती चौथ्या प्रकरणात होती, म्हणून राहिली. विभागांची नावं एके ठिकाणी इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिली आणि दुसऱ्या ठिकाणी लहान, हाताला येईल तशी. आणि पानाच्या अगदी डोक्यावर एक ठरलेली ओळ लिहायची असते, ती होती पहिल्या प्रकरणात. म्हणजे तिचा प्रश्नच मिटला.

तरीही पान चाललं. एक दोन दिवस नाही, बावीस वर्षं. गडद लाल रंग, डावीकडे मापांचा तक्ता, उजवीकडे एकाखाली एक तीन फोटो: दुकानाचा, काजं करणाऱ्या आत्याचा आणि सर्वांत खाली बाबांचा. बाबांना ह्या पानाचा असा काही अभिमान होता, की दवाखान्यात अंगठा दाखवायला गेले तरी डॉक्टरांना आधी विचारलं, आमचं पान बघितलंत का? त्या पानाला घरातल्या कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

पण मंगळवारी दुकानाचा फोन नंबर बदलला. पडद्यावरची बारीक अक्षरं बाबांना हल्ली चष्म्यातूनही दिसत नसत. नाइलाजानं त्यांनी टाचणीला हाक मारली.

"फक्त नंबर बदल. बाकी कशालाही हात लावायचा नाही. एवढं जमलं, तर त्या कटरला बोलवायचं की नाही ते मी पुन्हा बघतो."

टाचणीला वाटलं, देव पावला. दोनचार आकडे पुसायचे आणि दोनचार लिहायचे. हे जमणार नाही तर काय जमणार?

तिनं फाइल उघडली आणि तिला घाम फुटला. मागच्या वर्षी तिनं संध्याकाळचा सहा आठवड्यांचा क्लास केला होता, वेबसाइट कशी लिहावी याचा. दुकानाचं पान आतून मात्र ती आज पहिल्यांदाच बघत होती. बिनखुणेचे रंग, बिनएककाची मापं, नावांची खिचडी. तिचे हात असे शिवशिवायला लागले, की तिनं ते क्षणभर मांडीखाली दाबून ठेवले. मग दात आवळून नंबरापाशी गेली आणि तेवढाच बदलला. मापांना हात लावला नाही, रंगांना लावला नाही. स्वतःचं तिला फार कौतुक वाटलं. मग फाइल बंद करण्यापूर्वी तिची नजर वर गेली, आणि वर ती ओळच नव्हती. क्लासच्या बाईंनी पहिल्या दिवशी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलेली ओळ. जिच्याशिवाय पान सुरू करायचंच नाही, असं त्यांनी तीनदा बजावलं होतं. टाचणीनं मागे बघितलं. आत्या काज करत होती, बाबा पुढे होते. एकच तर ओळ. पानावर ती दिसतसुद्धा नाही. कुणाला कळणार आहे? तिनं ओळ घातली, पान इंटरनेटवर चढवलं, चढवल्यावर कसं दिसतं ते बघितलंही नाही, आणि समाधानानं चहा टाकायला उठली.

चहा कपांत ओतेपर्यंत पुढच्या खोलीत फोन वाजला. नव्या नंबरावर आलेला पहिला फोन, म्हणून बाबांनी मोठ्या रुबाबात घेतला. वकीलसाहेब होते. त्यांचा कोट तयार होऊन दुकानात टांगलेला होता आणि तो कधी न्यायचा हे विचारायला नंबर हवा म्हणून त्यांनी पान उघडलं होतं. मागच्या खोलीत फक्त बाबांची बाजू ऐकू येत होती.

"हो, हो, नंबर बरोबर आहे... कोण? माझी बहीण? नाही, बरी आहे. चहा पितेय... कसलं नाक?"

त्यानंतर बाबांनी फोन ठेवला. मग मागच्या खोलीत येऊन संगणकासमोर उभे राहिले.

पानाचा लाल रंग उडाला होता. मापांचा तक्ता अंग टाकून आडवातिडवा पसरला होता. आणि पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आत्याचं नाक होतं. नाक म्हणजे त्यातलीही एक नाकपुडी आणि चष्म्याची अर्धी काच. झालं होतं असं, की तो फोटो कुणीतरी भल्या मोठ्या कॅमेऱ्यानं काढून दिला होता आणि बाबांच्या त्या एकशेवीसनं त्याला इतकी वर्षं मुठीत धरून ठेवलं होतं. आता मूठ सुटली होती. बाकीची आत्या बघायची तर पान उजवीकडे सरकवत जावं लागे. मग गाल येई, मग कान, आणि बऱ्याच वेळानं सुई.

आत्या उठून आली, चष्मा पुसून तिनं स्वतःकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, की नाक वडिलांवर गेलंय, दादाचंही असंच आहे, त्याचा फोटो खाली आहे म्हणून वाचला. इतकी वर्षं मला टीचभर जागेत कोंबून ठेवलं होतंत, तिनं सुनावलं, आज कुठे जरा पाय पसरायला मिळाले.

"नंबरच बदलायला सांगितला होता ना?" बाबांनी विचारलं.

टाचणीनं कबूल केलं, की एक ओळ घातली. फक्त एक, आणि तीही न दिसणारी. तिनं ओळ काढली, पान पुन्हा चढवलं, आणि क्षणात सगळं जागच्या जागी आलं. रंग लाल, तक्ता ताठ, आत्या टीचभर. एवढंच होतं तर. पण बाबा तोवर पाठ फिरवून पुढच्या खोलीकडे निघाले होते, आणि कशाला निघाले होते हे सांगायची गरज नव्हती. कटरला शनिवारचं पक्कं करायला. टाचणीला ओरडून रडावंसं वाटलं.

दारात बाबा थांबले. राग होताच, पण त्या रागावर कारागिराची खोड वरचढ ठरली. पन्नास वर्षांत त्यांनी एकही शिवण का सुटली हे कळल्याशिवाय पुन्हा घातली नव्हती. ते परत आले आणि स्टूल ओढून बसले. जी ओळ पानावर दिसत नाही, जिच्यानं रंग ठरत नाही की माप ठरत नाही, तिनं सगळं पान उसवलं कसं? ती ओळ करते तरी काय?

टाचणी म्हणाली, की ब्राउझरचं काहीतरी असतं. काहीतरी म्हणजे काय, बाबा म्हणाले. तिला थाप मारता आली असती. माझीच ओळ चुकली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि बाबांचं मन सांभाळणारं खोटं बोलायची तिला दोन वर्षांची सवय होती. पण तिला एकाएकी वीट आला. कात्री तशीही गेलीच होती.

"बाबा, पान उघडलं की ब्राउझर आधी ती पहिली ओळ बघतो. ओळ असली तर तो समजतो, की लिहिणाऱ्याला नियम माहीत आहेत. मग तो प्रत्येक शब्द नियमानं धरतो. ओळ नसली तर तो समजतो, की हे जुन्या वळणाचं पान आहे. पूर्वी ब्राउझर स्वतःच कसेही वागायचे आणि लोक त्या बेतानं लिहायचे. मग तोही मुद्दाम तसाच जुन्यासारखा वागतो. चुका पोटात घालतो."

"कुणाच्या चुका?"

आत्यानं कप तोंडाला लावला.

"तुमच्या," टाचणी म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. एकशेवीस कशात ते लिहिलेलं नाही. नियमानं वागणारा ब्राउझर असं माप सोडून देतो, जुन्यासारखा वागणारा आपल्या मनानं समजून घेतो. रंगाआधी खूण नाही, तेही तो समजून घेतो. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सगळं समजून घेतो. बाबांचा चेहरा उतरत चालला. मधलं काही नसतं का, त्यांनी विचारलं. म्हणजे नियम पाळायचे, पण जरा माणूस बघून. टाचणी म्हणाली, की असते, एक 'जवळजवळ नियमानं' अशीही तऱ्हा असते. बाबांच्या जिवात जीव आला. पण त्यात तक्त्यातल्या फोटोंखाली जी फट पडते तेवढ्यापुरतीच सूट असते, ती म्हणाली, मापांना नाही. मग त्या जवळजवळचा आम्हाला काय उपयोग, असं म्हणून बाबांनी मधल्या तऱ्हेचा नाद सोडला.

बाबा आपल्या लाल पानाकडे बघत होते.

"सगळं बरोबरच दिसत होतं की," ते म्हणाले. "मग मला कळणार कसं होतं?"

टाचणी जमिनीवरच्या दोऱ्यांकडे बघत राहिली. आत्या चहा पीतच होती, आणि तिच्या कपात मघापासून चहा नव्हता. आता, बाबांनी पन्नास वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते. तोंडानं 'छान बसलाय' म्हणणारा माणूस मनात काय म्हणतो, हे त्यांना खांद्यावरून कळे. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं, आणि उठले. वकीलसाहेबांचा कोट खुंटीवरून काढला, उलटा केला, खिडकीपाशी नेला आणि मुंढ्याचं अस्तर चार बोटं उसवलं.

आत सगळं लिहिल्यासारखं स्वच्छ होतं. कापडाची कड आत जात होती, बाहेर येत होती, पुन्हा आत जात होती. त्या कडेला न जुमानता टीप मात्र सुरेख वळणानं गेली होती. कड बाबांची होती आणि टीप टाचणीची. बाबांनी दुखरा अंगठा त्या कडेवरून सावकाश फिरवला.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"सगळे कोट?"

"मुंढे तेवढे. सरळ कापलेलं सगळं बरोबर असतं."

"ते असणारच," बाबा ताडकन म्हणाले. मग हळू आवाजात विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कात्री ठेवून दिली असती."

"तुला तर कात्रीच हवी होती."

"हवी होती," टाचणी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "अशी नको होती, बाबा."

कोटावर पाणी पाडू नकोस, वकिलाचा आहे, असं बाबांनी आधी तिला दटावलं. मग स्वतःच भडकले. टाचणीनं त्यांना इतकं भडकलेलं कधी बघितलं नव्हतं. तो ब्राउझर परका, ते म्हणाले, त्यानं म्हातारा समजून चालवून घेतलं तर घेतलं, पण तुम्ही दोघी माझ्या घरातल्या. मला तोंडावर चूक म्हणणारं ह्या दुकानात कुणी उरलंच नाही का? मी काय आत्ताच भिंतीवरचा फोटो झालो? बाबा पाय आपटत पुढे गेले. फोन उचलल्याचा आवाज आला, आणि मग कटरशी बोलणं ऐकू आलं. शनिवारी येऊ नका, बाबा सांगत होते. जागा भरली.

टाचणी रडायची थांबली. आपण ऐकलं ते खरं की काय, म्हणून तिनं आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, नाक पूस.

परत आल्यावर बाबांनी पहिला हुकूम सोडला तो पानाचा. ती ओळ घाल. टाचणी म्हणाली, की घातली तर पुन्हा सगळं मोडेल. मोडू दे, बाबा म्हणाले, आणि मग मला एकेक दाखव. सगळी दुपार त्यात गेली. टाचणी एकेक चूक वाचून दाखवी, बाबा आधी ती चूक नाहीच म्हणून भांडत, मग कुरकुरत मान्य करत, आणि मग ती दुरुस्त होई. मापांना एकक मिळालं, रंगांना खूण मिळाली. नावांच्या बाबतीत मात्र नाकी नऊ आले, कारण सगळी मोठी अक्षरं ठेवायची की लहान, यावर बाबांचं मत दर दहा मिनिटांनी बदलत होतं. आत्यानं ह्या गडबडीत आपला डाव साधला. एकशेवीसवर मी परत जाणार नाही म्हणाली आणि दोनशे पदरात पाडून घेतले. तिन्हीसांजेला पान पुन्हा उभं राहिलं. लाल, ताठ, पहिल्यासारखंच. फरक काय झाला, असं बाहेरच्या माणसानं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बुधवारी सकाळी बाबांनी पुढच्या टेबलावर नवं कापड पसरलं. करडं, जाड लोकरी. खडूनं आखणी केली, आणि कात्री टेबलाच्या त्या बाजूला ठेवली जिथे ते स्वतः उभे राहत. मग वळसा घालून समोर गेले आणि कापड सरकू नये म्हणून त्याची कड दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. ही जागा मदतनिसाची. तिथे उभे राहिलेले बाबा टाचणीनं जन्मात बघितले नव्हते.

तिनं कात्री उचलली. ती वाटली होती त्याहून जड होती. पाठ झाली, बाजू झाली, खांदा झाला, मुंढ्याचं वळण आलं. श्वास रोखून तिनं ते पार केलं आणि कात्री खाली ठेवली. ह्या क्षणाची तिनं अकरा वर्षं मनात उजळणी केली होती, आणि प्रत्येक उजळणीत बाबा शेवटी शाबास म्हणत. पुढच्या आणि मागच्या खोलीच्या मधल्या दारात आत्या सुई हातात धरून उभी होती.

बाबांनी टेप घेतली. तुकडा उजेडाकडे वळवला. मुंढा एकदा मोजला, पुन्हा मोजला, वाकून नाकाजवळ नेला. फारच वेळ लावला त्यांनी. टाचणीला दिसत होतं की वळणाच्या तळाशी काहीतरी राहिलंय. अगदी थोडं. पहिलाच दिवस आहे, तिला वाटलं, बाबा सोडून देतील.

"इथे सूतभर बाहेर गेलीस," बाबा म्हणाले. "परत काप."

आत्या काही बोलायला गेली, तर त्यांनी तिला हातानंच गप्प केलं. टाचणीचे डोळे भरून आले. शाबास म्हटलं असतं तरी तिला इतका आनंद झाला नसता. तिनं बाहीनं डोळे पुसले, बाबांनी समोरून कापड पुन्हा ताणून धरलं, आणि तिनं वळण परत कापलं.